चुकांची वही

त्रिवेणीला तिसरं 'इफ' शिकायचंच नव्हतं.

"टीचर, हे नक्को," वही मिटून ती म्हणाली. "पहिलं शिकवलं ते बस झालं. इफ यू टेक टू, यू विल गेट वन फ्री. माझं गिऱ्हाईक इथपर्यंतच येतं."

आता हिला काय सांगावं? नारायणगुड्याच्या एका शाळेत चौतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. त्यात ही इफची वाक्यं म्हणजे माझा हातखंडा. दुसऱ्या टीचरच्या वर्गालासुद्धा तो धडा मीच जाऊन शिकवायची. पहिलं इफ होणाऱ्या गोष्टीचं: पाऊस आला तर छत्री घेईन. दुसरं हवेतलं: मी राणी असते तर. आणि तिसरं, जे होऊन गेलं, आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही, तरी माणूस घोळवत बसतो त्याचं. गेले असते तर, थांबले असते तर. पोरं हमखास इथेच अडखळतात. इफच्या मागोमाग 'वुड हॅव' घुसडतात. ते 'वुड हॅव' खोडण्यात माझी किती लाल पेनं संपली असतील कोण जाणे.

"शिकायचं तर पुरं शिकायचं," मी म्हटलं. "एक मीटर पीस मागितला तर तू पाऊण मीटर फाडून देतेस का?"

"नाई."

"मग?"

"पण टीचर, जे झालंच नाही ते बोलून फायदा काय? आमच्या घरी असं बोललं की सासू म्हणायची, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं."

मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. वर्गात हसणारी बाई पोरं डोक्यावर बसवून घेते, हा माझा जुना नियम. आणि वर्ग म्हणजे तरी काय, समोर एकटी त्रिवेणी.

आबिड्सला साड्यांचं एक मोठं दुकान आहे, तिथे मॅचिंगच्या काउंटरवर ती वीस वर्षं आहे. साडी समोर टाकली की भिंतभर लावलेल्या पिसांतून नेमका त्या रंगाचा ब्लाउज पीस ती मान न वळवता ओढते म्हणे. तर तिच्या मालकाचा मुलगा गादीवर आला आणि त्याने फर्मान काढलं, इंग्रजी बोलतील त्या बायका पुढच्या काउंटरवर, बाकीच्यांनी वर जाऊन फॉल-पिको बघायचं. अठ्ठेचाळीस वर्षांची ही बाई, पाचवी शिकलेली, तेलुगू, उर्दू, मराठी तिन्ही पाण्यासारखी बोलते, तिला आता वर पाठवणार. डोकं फिरलंय लोकांचं. म्हणून दुकानाआधी, सकाळी आठला ती माझ्याकडे येते.

पूर्वी संध्याकाळी माझ्याकडे बारा-बारा पोरांच्या बॅचेस असायच्या. जिन्यात चपलांचा ढीग. कोरोनात ती सगळी मोबाईलवर शिकायला गेली, ती परत आलीच नाहीत. आता ही एकच. तिच्यासाठी मी सात वाजल्यापासून खिडकीशी उभी असते. तिला ते कळू देत नाही. बेल वाजली की जरा थांबून दार उघडते आणि म्हणते, "आठ वाजले का? मला कळलंच नाही." ती नऊला जाते. मग दिवस उरतो. एका माणसाचा कुकर लावायचा, वाटीभर तांदूळ भांड्याच्या तळाशी दिसतसुद्धा नाहीत. एकाहत्तरावं चाललंय मला. दुपारी पेपर वाचते, त्यातल्या चुका काढते. संध्याकाळी बोलायला कुणी नसतं, म्हणून टीव्हीवरच्या बाईला ओरडते.

लोक म्हणतात, लेक इथेच आहे ना? आहे. माझी मेघना. अमेरिकेत नाही, लंडनमध्ये नाही, ह्याच शहरात गच्चीबावलीला राहते. नारायणगुड्याला मेट्रोत बसायचं, परेड ग्राउंडला बदलायचं, रायदुर्गला उतरून ऑटो करायची. तास-सव्वा तासाचं काम. सहा वर्षांत ती माझ्या घरी आलेली नाही. मोबाईलवरून वाणसामान पाठवते, सणाला फोन करते. "बरी आहेस?" "बरी आहे." "औषधं?" "घेते." संपलं. कोरोनात रोज फोन करायची, तोही एवढाच. तिने लग्न केलं नाही म्हणून पूर्वी आमची जोरदार भांडणं व्हायची. आता ती भांडायलासुद्धा येत नाही. मला ती यायला हवी आहे. दुसरं काही म्हणजे काही नको मला. आणि ती का येत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तिला जे ठाऊक नाही, तेही मला ठाऊक आहे.

असो. त्या दिवशी मी त्रिवेणीचं काही ऐकलं नाही. चुकांची वही काढली.

ही वही म्हणजे माझी कमाई. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोठीच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची, लांब पानांची वही आणली होती. पेपर तपासताना एखादं झकास चुकलेलं वाक्य सापडलं की त्यात उतरवून ठेवायचं. नाव नाही, इयत्ता नाही, नुसतं वाक्य. दुसऱ्या वर्षीच्या पोरांना तीच वाक्यं सुधारायला द्यायची. पुस्तकातल्या खोट्या चुकांपेक्षा खऱ्या चुका केव्हाही बऱ्या. माझी वही बघायला दुसऱ्या शाळांतल्या टीचर यायच्या.

"शेवटच्या पानांवरची कुठलीही पाच वाक्यं उतरवून घे," मी त्रिवेणीला म्हटलं. "उद्या सुधारून आण." आणि दूध उतू जात होतं म्हणून मी आत धावले. ती काय उतरवतेय ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती जरा गप्पच. पदराने कपाळ पुसलं, वही उघडली.

"चार झाल्या टीचर. मोबाईलला विचारून विचारून केल्या. पाचवीत चूक सापडंना."

"वाच बघू."

ती बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत वाचू लागली. "इफ... आय... वुड हॅव... पिक्ड... द फोन, बाबा... वुड हॅव... लिव्ह्ड."

माझ्या हातातलं पेन हातातच राहिलं.

"मी ह्याचा अर्थ काढला," त्रिवेणी म्हणाली. "दुकानात शिकलेली एक पोट्टी आहे, तिलाबी विचारलं. मी फोन उचलला असता तर बाबा वाचले असते. हौ ना? टीचर, ही पोरगी कोण हो?"

"कुणी नाही. व्याकरणाचं वाक्य आहे ते."

"बाबा लिहिलंय की."

"वाक्याला बाप नसतो, त्रिवेणी! चूक कुठेय ते बोल. इफच्या पुढे काय घातलंय? मी काल घसा फोडून काय सांगितलं?"

"वाक्याला नसंल," ती हलकेच म्हणाली. "पोरीला असतो की. मी रात्रभर त्याच विचारात. हिला कुणी सांगितलं का नाई हो, की बाई, तुझी चूक नाही म्हणून?"

मी ताडकन उठले. काय काय बोलले मला आता सगळं आठवतही नाही. तुला शिकायचं नाही, तुझं लक्ष नाही, नसत्या चौकशा करतेस, उद्यापासून येऊ नकोस. माझा राग हा असा आहे, आधी तोंड सुटतं, मग अक्कल येते. त्रिवेणीने मुकाट्याने वही पिशवीत घातली. दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाली, "रागावू नका टीचर. मला चूक दिसंना, म्हणून विचारलं."

चौतीस वर्षांत ते वाक्य मी शेकडो पोरांना सुधारायला दिलं असतं, जर ते जुनं असतं. पण ते सहा वर्षांपूर्वीचं. वहीतलं शेवटचं. ते माझ्या मेघनाचं आहे.

आता सांगतेच सगळं. इतकी वर्षं गिळून बसले, आणखी किती दिवस गिळणार.

माझे यजमान दिगंबरराव सिटी सिव्हिल कोर्टात वकील होते. वकील असून आवाज न चढवणारा माणूस. निवृत्तीनंतर ते दिवसभर घरात. आमच्या घराच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत माझा फळा आणि बाकं, आतल्या खोलीत त्यांची खुर्ची. मधे दार. क्लास चालू असताना हे मधेच चष्मा शोधत यायचे, पेपर कुठेय विचारायचे, पोरं खी खी करायची. मला चीड यायची. शेवटी मी त्या दाराला माझ्या बाजूने कडी बसवून घेतली. क्लास सुरू झाला की कडी लावायची आणि मोबाईल बंद करायचा. "तासभर जग बुडालं तरी मला सांगायला येऊ नका," असं मी त्यांना बजावलं होतं. ते हसले होते. "जग बुडालं तर सांगायला कोण उरणार?" म्हणाले होते.

त्या संध्याकाळी दहावीची बॅच होती. हेच चाललं होतं, तिसरं इफ. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, घड्याळ माझ्या समोरच होतं. मधल्या दारावर टकटक झाली. दोनदा. जोरात नाही, त्यांची पद्धतच तशी. मी फळ्याकडून न वळता ओरडले, "अहो, क्लास चालू आहे!" पोरं हसली. मग पुन्हा टकटक झाली नाही. मी पुढचं वाक्य लिहिलं.

सातला पोरं गेल्यावर कडी काढली. हे दाराला लागूनच खुर्ची ओढून बसले होते. मोबाईल मांडीत होता. डोळे मिटलेले. मी म्हटलं, "झोपलात का हो?"

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. म्हणाला, तासभर आधी आणलं असतं तर कदाचित. बघा, तोही तिसऱ्या इफमध्येच बोलला.

त्यांच्या मोबाईलमध्ये शेवटचा फोन मेघनाला लावलेला होता. सहा वाजून सतरा मिनिटांनी. मेघना तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन मुका करून ठेवलेला. तिने सव्वासातला पाहिला. घरी आल्यापासून ती तोच आकडा बघत होती, सहा सतरा, सहा सतरा. नातेवाइकांत कुजबूज झाली, लेकीला फोन केला होता म्हणे, तिने उचलला नाही. मी सगळ्यांना सांगितलं, मी क्लासमध्ये होते, मला काहीच कळलं नाही. टकटकीचं मी कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही, मग मी कशाला सांगू, असं मनाला समजावलं.

तेराव्यानंतर मेघनाने मला पत्र लिहिलं. चार पानी, इंग्रजीत. मराठी तिला वाचताच धड येत नाही तर लिहिणार कुठून. आणि तोंडाने ती माझ्याशी बोलू शकत नव्हती, कारण लहानपणापासून ती बोलायला लागली की मी मधेच तिचं वाक्य दुरुस्त करायची. पत्र तिने माझ्या टेबलावर ठेवलं, तपासायच्या पेपरांच्या शेजारी. त्यात सगळं होतं. झोप येत नाही, फोन वाजला की छातीत धस्स होतं, आणि ते वाक्य. शेवटी विचारलं होतं, आई, तुलाही असंच वाटतं का? खरं सांग.

एका शब्दात उत्तर देता आलं असतं. नाही. नाही गं बाई, तुझ्याआधी त्यांनी माझं दार वाजवलं होतं. सात मिनिटं माझी वाट पाहिली, मग तुला फोन केला.

मी काय केलं? लाल पेन हातात होतं. पहिल्या पानावर एक स्पेलिंग चुकलेलं दिसलं, ते मी दुरुस्त केलं. मग दुसरं. मला खरंच सांगता येत नाही कशी मी शेवटच्या पानापर्यंत गेले. अकरा चुका निघाल्या. त्या वाक्याच्या खाली दोनदा रेघ मारली, 'वुड हॅव' खोडून वर 'हॅड' लिहिलं. तळाशी गोल काढून मार्क दिले, दहापैकी साडेसहा. आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. सवय म्हणा. सवय कसली, डोंबल! चुका काढल्या की उत्तर द्यावं लागत नाही, एवढंच मला कळलं होतं.

सकाळी ती उत्तर बघायला आली. चारही पानं उलटून पाहिली. माझ्याकडे बघितलं नाही. पानं टेबलावर नीट रचून ठेवली, बॅग उचलली आणि गेली. तीच शेवटची.

त्रिवेणीला हाकलल्यावर दुसऱ्या दिवशी सातला मी खिडकीशी उभी राहिले. खुळ्यासारखी. साडेआठ झाले. मीच तर येऊ नकोस म्हटलं होतं, आणि ती माझ्याइतकी खोटी नाही, तिने ऐकलं. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून दिवसभरात एक शब्द निघाला नाही. संध्याकाळी ध्यानात आलं, तेव्हा मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "सुशीलाबाई, काय चाललंय?" रिकाम्या बाकांवरून आवाज परत आला. मला रडू आलं. मोठ्याने रडले, ऐकायला कोण होतं.

त्या पोरीला कुणी सांगितलं का? पाचवी शिकलेल्या बाईला पहिल्या वाचनात जे दिसलं, ते मला सहा वर्षं दिसत नव्हतं असं थोडंच आहे. दिसत होतं. म्हणून तर वही त्या वाक्याच्या पुढे गेली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी मी ते पत्र काढलं, पिशवीत घातलं आणि मेट्रोत बसले. फोन केला नाही. केला असता तर तिने विचारलं असतं, "बरी आहेस?" आणि मी म्हटलं असतं, "बरी आहे."

तिची इमारत अठरा मजल्यांची. खालच्या वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं, कुणाकडे, काय काम. कामाच्या रकान्यात काय लिहावं कळेना. 'आई' लिहिलं.

मेघनाने दार उघडलं. केस पांढरे झालेत तिचे, कानापाशी. बेचाळीस वर्षांची पोर. गळ्यात हेडफोन. मला पाहून तिचा चेहराच उतरला. "आई? काय झालं? पडलीस का कुठे?"

"काही झालं नाही. धडधाकट आहे. बोलायचं होतं."

"आता? आई, मीटिंग चालू आहे माझी, क्लायंट लाइनवर आहे. तू बस. पाच मिनिटं बस, पाणी घे, मी आलेच." आणि ती आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

मी सोफ्यावर बसले. घर छान ठेवलंय तिने. भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, कोर्टाच्या कोटातला. माझा नाही. आतून तिचा आवाज येत होता, भराभर इंग्रजी बोलत होती. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की मी तिच्या चुका मोजतेय. तीन झाल्या होत्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगीच नाही. मी कानांवर हात ठेवले.

पाच मिनिटांची दहा झाली. मला माझी चांगली ओळख आहे. आणखी पाच मिनिटं गेली असती तर मी उठून म्हटलं असतं, राहू दे, कामात आहेस, पुन्हा कधीतरी येईन. आणि मेट्रोत बसून घरी आले असते. मी उठले, त्या दारापाशी गेले. लाकूड गुळगुळीत होतं. आतून लेकीचा आवाज, बाहेर मी. हे असेच उभे राहिले असतील, माझा आवाज ऐकत. त्यांना वाटलं असेल, वाक्य संपू दे तिचं.

मी दोनदा टकटक केली.

"आई, प्लीज, मीटिंग!" ती आतून ओरडली.

मी दाराला धरून उभी राहिले. पुन्हा वाजवण्याचा धीर होईना. त्यांनाही झाला नसेल. पण आतलं बोलणं एकदम थांबलं, खुर्ची सरकली आणि दार उघडलं. मेघना समोर उभी. "काय झालं आई? बरं वाटत नाही का?"

तिने उघडलं. एवढंच तर करायचं होतं मला त्या दिवशी. हातातला खडू ठेवायचा, चार पावलं चालायची, कडी काढायची.

"तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला आले," मी म्हटलं आणि पिशवीतून ती चार पानं काढली. लाल रेघा बघून तिने तोंड फिरवलं.

"नको आई. प्लीज. ते परत नको."

"ऐक. मला मधे थांबवू नकोस, थांबवलंस तर मी बोलणार नाही. तू फोन उचलला नाहीस म्हणून बाबा गेले नाहीत. त्यांनी तुझ्याआधी माझं दार वाजवलं होतं. दोनदा. मी ऐकलं. मी ओरडले, क्लास चालू आहे म्हणून. कडी माझ्या बाजूने होती. मी काढली नाही."

आत तिच्या कॉम्प्युटरमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"सहा दहा."

"मला फोन सहा सतराला आला."

"हो."

"सात मिनिटं," ती म्हणाली. "सात मिनिटं ते तुझ्या दाराशी..." ती खाली बसली, तिथेच फरशीवर, भिंतीला टेकून. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. मी ठेवला नाही. तो हक्क मी घालवला होता.

मग ती बोलायला लागली. आधी हळू, मग ओरडत. मराठीत सुरू केलं, हिंदीत गेली, मग सगळं इंग्रजीच. सहा वर्षं ती रोज संध्याकाळी सहा वाजता हातातलं काम सोडून फोनकडे बघत बसते. डॉक्टरकडे जाते, गोळ्या घेते. रात्री फोन उशाशी ठेवून झोपते, वाजला नाही तरी उठून बघते. तिला वाटायचं, आई मला माफ करू शकत नाही, म्हणून तिने ते पत्र तसं परत दिलं. मी एकही शब्द मधे बोलले नाही. भराभर शब्द येत होते, मोडके, उलटेसुलटे, काळ चुकलेले, आणि मला पहिल्यांदाच त्यातली एकही चूक ऐकू आली नाही. मला फक्त माझी पोर ऐकू येत होती.

शेवटी ती उठून माझ्यासमोर आली. तिचे ओठ थरथरत होते. ह्यांच्यासारखेच आहेत तिचे ओठ.

"इफ यू वुड हॅव ओपन्ड द डोर," ती म्हणाली, "बाबा वुड हॅव लिव्ह्ड. से इट, आई. से इट!"

"हो," मी म्हटलं. "वाचले असते."